आगाऊ सूचना

'आगाऊ' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. एक, वेळेपूर्वीचा; जसं की आगाऊ आरक्षण. दुसरा, आपली पायरी सोडून पुढे पुढे करणारा. जसं की आमच्या सोसायटीतली, मी सोडून, कुठलीही व्यक्ती. हे दोन अर्थ इतकी वर्षं एकाच शब्दात गुण्यागोविंदाने नांदत होते. त्यांच्यात भांडण लावायचं काम माझ्या हातून झालं, आणि तेही टाकी धुण्याच्या निमित्ताने.

कर्वेनगरातल्या 'सुमुख' सोसायटीचा मी सेक्रेटरी. आमच्याकडे सेक्रेटरी निवडून येत नाही. सभा चालू असताना जो फोन घ्यायला बाहेर जातो, तो परत येईपर्यंत सेक्रेटरी झालेला असतो. मला तो फोन हिंजवडीहून, माझ्या कंपनीतून आला होता. चुकीचा नंबर लागला होता.

आधीचे सेक्रेटरी सोसायटीच्या ग्रुपवर 'डिअर मेंबर्स, टुमॉरो पानी नहीं आएगा' असले संदेश टाकायचे. मी सूत्रं हाती घेताच जाहीर केलं की यापुढे सगळे संदेश शुद्ध मराठीत येतील. त्यावर कुणीच काही बोललं नाही. मी त्याचा अर्थ संमती असा घेतला.

तर, रविवारी टाकी धुवायची होती. अध्यक्ष निशाताई ओगले यांनी मला गुरुवारीच बजावलं होतं, "गुर्जर, लोकांना आधी सांगा. मागच्या वेळी साबण लावून बसले होते काही जण." निशाताई तळमजल्यावर एकट्या राहतात. उभी हयात त्यांनी मुलींच्या शाळेत कवायत शिकवली. आजही त्या जिन्याशी उभ्या असल्या, तर मी नकळत पोट आत घेतो. त्यांची सूचना मोलाची होती. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं :

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रविवारी गच्चीवरील टाकी धुण्यात येणार असल्याने सकाळी पाणी येणार नाही. अध्यक्ष निशाताई ओगले यांच्या आगाऊ सूचनेमुळे आपणा सर्वांना पाणी भरून ठेवता येत आहे. त्याबद्दल त्यांचे आभार.'

संदेश पाठवून मी तो पुन्हा दोनदा वाचला. चांगल्या मराठीचं असं असतं, की लिहिणाऱ्यालाच ती जास्त आवडते.

पहिलं उत्तर शेजारच्या खोलीतून आलं. माझा मुलगा रोहन इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला सगळ्यासाठी वेळ असतो. त्याने ग्रुपवर विचारलं, 'बाबा, आगाऊ नक्की कोण? सूचना की काकू?' आणि पुढे डोळ्यांतून पाणी काढून हसणारे पिवळे चेहरे. पाठोपाठ सगळ्या इमारतीने तेच चेहरे पाठवले. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ सध्या मुलीकडे मेलबर्नला असतात. पाण्याचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. तेही तिथून हसले.

निशाताईंनी काही पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीची बस पकडायला मी खाली उतरलो, तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

"गुर्जर, माझा आगाऊपणा आपल्याला इतका उपयोगी पडला, हे वाचून समाधान वाटलं."

"अहो ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं. आगाऊ म्हणजे—"

"अर्थ सगळ्यांना कळलाय. काल हसत होते सगळे. यापुढे मी कुणाला कसलीच सूचना करणार नाही, आगाऊ नाही आणि मागाऊ नाही. अध्यक्षपद तुम्हीच ठेवा. तुमची बस आली."

बस खरोखरच आली होती. माझी बस नको तेव्हाच वेळेवर येते.

त्याच संध्याकाळी एक फोन करून 'ताई, चुकलं' म्हणालो असतो, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. हे मला माझी बायको तेजस्विनी हिने सांगितलं. त्यानंतरही ती ते अधूनमधून सांगत राहिली. पण माझा प्रश्न तत्त्वाचा होता. शब्द बरोबर होता. बरोबर शब्दाबद्दल माफी मागायची, म्हणजे उद्या बाराखडीबद्दल मागावी लागेल.

मी कपाटावरून शब्दकोश काढला, धूळ झटकली, शिंकलो आणि ग्रुपवर सविस्तर खुलासा लिहिला. 'आगाऊ' या शब्दाच्या मुळाशी 'अग्र', म्हणजे पुढचा भाग. जो काळाने पुढे, तो आगाऊ. पुढे राहणं हा काही गुन्हा नव्हे. रांगेची शिस्त मोडून कुणी पुढे घुसला तेव्हाच त्या शब्दाला वाईट वास लागला असावा. इथे थांबायला हवं होतं. पण विद्येचा एक दोष आहे, ती सुरू झाली की बंद कुठून करायची ते सापडत नाही. ओघात मी आगळा या शब्दाकडे वळलो. जुन्या मराठीत आगळा म्हणजे जास्तीचा, वरचढ. त्यातूनच मर्यादेपलीकडे जाण्याला 'आगळीक' म्हणू लागले. शेवटी मी लिहिलं, 'निशाताई तर सर्वच बाबतीत आगळ्या आहेत!'

मग पहिल्या मजल्यावरून विचारणा झाली, 'म्हणजे आता आगळीकही ताईंनीच केली, असं सेक्रेटरींचं म्हणणं आहे का?'

पिवळे चेहरे पुन्हा आले. मेलबर्नहूनसुद्धा.

दरम्यान लिफ्टचं एक काम निघालं होतं. लिफ्टचा दोर बदलून झाला होता, पण तपासनीस येऊन पाहून गेल्याशिवाय ती चालू करायची नव्हती. आणि तपासनीस आले की सोसायटीच्या अध्यक्षांनी समोर हजर राहून सही करायची, असं लिफ्टच्या सरकारी कार्यालयाने सांगितलं होतं. आता अध्यक्ष 'मी अध्यक्ष नाही' म्हणून दार लावून बसलेल्या. तळमजल्यावर राहत असल्याने लिफ्टवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते चौथ्या मजल्यावरच्या रझियाआपांचं.

रझियाआपा तांबोळी या आमच्या इमारतीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दवाखान्यातून आल्या त्या लिफ्टने वर गेल्या, आणि त्यानंतर दोर बदलायला काढला. त्यांची नात मेहजबीन वकिलीच्या परीक्षेत कॉलेजात पहिली आली होती. येत्या शनिवारी कर्वे रस्त्यावरच्या एका सभागृहात तिचा सत्कार होता. घरात वकील होणारी ती पहिलीच. आजी समोर बसली पाहिजे, असा नातीचा हट्ट. आणि बसणारच, असा आजीचा.

आपांचे चिरंजीव हमीदभाई, म्हणजे मेहजबीनचे वडील, यांचं शहरात चष्म्याचं दुकान आहे. ते मला जिन्यात भेटले.

"गुर्जर, माफी मागून टाका. मी गिऱ्हाइकाची रोज मागतो, काच बरोबर असली तरी."

"पण हमीदभाई, शब्द बरोबर असताना—"

"काच बरोबर असते हो, पण गिऱ्हाइकाला दिसत नसतं. मग बरोबर असून काय करायची?"

हे मला पटलं. पण पटलेली गोष्ट लगेच करायची म्हणजे आधी चूक होती असं होतं. म्हणून मी दुसऱ्या मजल्यावर धम्मदीप साळव्यांकडे गेलो. साळवेसाहेब सरकारी सेवेतून मोठ्या पदावरून निवृत्त झाले आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि पुसून पुन्हा लावला. त्यांच्याकडे कुठल्याही प्रकरणाची सुनावणी अशीच पूर्ण होते.

"माफी हा खाजगी मार्ग झाला," ते म्हणाले. "शासनात चूक कबूल करत नाहीत. शुद्धिपत्रक काढतात."

"म्हणजे?"

"अमुकऐवजी तमुक वाचावे. बस. यात कोण चुकलं याचा उल्लेखच येत नाही. वाचणाऱ्याने वाचण्यात चूक केली होती, असंच वाटतं."

इतका माझ्या स्वभावाला साजेसा सल्ला मला आजवर कुणी दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या कोंडीत बस नेहमीप्रमाणे उभी होती. तिथे मी शुद्धिपत्रक टंकलं : 'टाकीविषयीच्या संदेशातील आगाऊ हा शब्द वगळून पूर्व हा शब्द योग्य ठिकाणी घालून वाचावे.' मला अर्थातच 'पूर्वसूचना' म्हणायचं होतं. पण योग्य ठिकाण कोणतं, हे मी वाचकांवर सोपवलं. मराठी वाचकावरचा माझा विश्वास तेव्हा शाबूत होता.

रोहनने 'पूर्व' घेतला आणि 'अध्यक्ष' या शब्दाच्या आधी नेऊन बसवला. 'पूर्व अध्यक्ष निशाताई ओगले यांच्या सूचनेमुळे...' ग्रुपवर एकच धमाल उडाली. बस कोंडीतून सुटेपर्यंत तीन जणांनी निशाताईंना आजवरच्या कार्याबद्दल धन्यवाद दिले होते. एकाने पुष्पगुच्छाचं चित्र टाकलं. तेही इतकं पांढऱ्या फुलांचं, की एका सभासदाने घाबरून विचारलं, 'कधी?'

घरी आलो तर निशाताई पायरीवर कुंडीला पाणी घालत होत्या. "राजीनामा मी तोंडी दिला होता," त्या वर न बघता म्हणाल्या, "मंजुरी लेखी मिळाली. कारभार सुधारला आपला."

आता उरला एकच मार्ग. लिफ्टच्या कार्यालयात जाऊन, सेक्रेटरीच्या सहीवर काम भागवता येतं का ते बघायचं. मी रजा टाकून गेलो. टेबलामागचे कारकून खडकवासल्याकडच्या एखाद्या गावचे असावेत. बोलायला मोकळे होते.

"अध्यक्ष कोण हाय तुमचा?"

"तो सध्या भाषिक प्रश्न आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "राजीनामा दिलाय का?"

"दिला आहे, पण मला तो नको आहे. मंजूर केला आहे, पण मी केलेला नाही."

"अवो साहेब, मग असं अडचणीचं असलं, तर आमाला आगाऊ कळवायचं असतंय!"

मी खुर्चीतून ताडकन उठलो. आगाऊ! सरकारी कार्यालयात, कामकाजाच्या वेळी, एका निःपक्ष माणसाच्या तोंडून, पहिल्या आणि निर्मळ अर्थाने! आठवडाभर मी ज्या पुराव्याच्या शोधात होतो, तो समोर बसून पान चघळत होता. मी खिशातून फोन काढला, त्यांच्या तोंडापुढे धरला आणि म्हणालो, "साहेब, कृपा करून आत्ता म्हणालात ते पुन्हा एकदा म्हणा. नावासकट म्हणालात तर फार बरं."

कारकुनांचा चेहरा पाहता पाहता पांढरा पडला. त्यांनी पान गिळलं. "म्या काय बी मागितलेलं न्हाई," ते मोठ्याने म्हणाले. मग आणखी मोठ्याने, छताकडे बघून, "हितं कुणी काय बी मागत न्हाई!" शेजारच्या टेबलावरचे लोक कपाटामागे गेले. आतून एक मोठे साहेब आले. त्यांनी मला चहा पाजला, मी कोणत्या खात्याकडून आलो आहे ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, आणि सांगितलं की प्रकरण आता अत्यंत काटेकोर नियमाने होईल. अध्यक्षांशिवाय काहीही होणार नाही. मी शब्दार्थासाठी आलो होतो, असं मी त्यांना सांगून पाहिलं. ते मान हलवत म्हणाले, "सगळे असंच सांगतात."

शुक्रवारी संध्याकाळी रझियाआपांनी मला वर बोलावलं. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मेहजबीन त्यांच्या ओढणीला इस्त्री करत होती.

"सलिल, बाळा, बस," आपा म्हणाल्या. "त्या शब्दाचा अर्थ लागला का?"

"लागला आहे आपा. पण तो मान्य होत नाहीये."

"असं होय. मग तो मान्य होईपर्यंत मी इथंच बसू, का उद्या जाऊ?"

मेहजबीनने इस्त्री थांबवून माझ्याकडे पाहिलं. ती निष्णात वकील होणार यात मला शंका राहिली नाही. तिने काहीच विचारलं नाही, तरी मला सगळं कबूल करावंसं वाटलं. "उद्या आपण आपांना खुर्चीतून उतरवू," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा माझ्या कमरेचं मत मी घेतलेलं नव्हतं.

शनिवारी साळवेसाहेबांनी आपली हातांची, शिसवी, भक्कम खुर्ची दिली. ती रिकामीच दोघांना उचलावी लागत होती. आपा तिच्यात बसल्या. मागे हमीदभाई आणि रोहन, पुढे साळवेसाहेब आणि मी. जिना उतरायला लागलो, आणि लगेच लक्षात आलं की चार माणसं एका दिशेला जात असली तरी एकत्र जात नसतात. रोहन दोन पायऱ्या एकदम उतरायचा. साळवेसाहेब प्रत्येक पायरीचा आधी अभ्यास करायचे. आपा डोळे मिटून पुटपुटत होत्या. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची भिंतीला लागली, दुसऱ्यावर साळवेसाहेबांच्या चपलेचा अंगठा तुटला, आणि खुर्ची अशी कलली की आपांनी माझे केस धरले. जे होते ते.

"थांबा सगळे!"

खालच्या वळणावर निशाताई उभ्या होत्या. पदर खोचलेला.

"ही काय पद्धत झाली? म्हातारं माणूस आहे का पोतं आहे? साळवे, चपला काढा. रोहन, माझ्या आवाजाशिवाय पाय उचलायचा नाही. हमीदभाई, तुम्ही डावा आधी. आपा, केस सोडा त्यांचे, खुर्चीचा हात धरा. चला. डावा! उजवा! डावा!"

काय सांगू, खुर्ची पालखीसारखी उतरू लागली. आम्ही चौघं पुरुष, एकूण वय दोनशेच्या घरात, शाळेतल्या मुलींसारखे पाय टाकत होतो. पहिल्या मजल्याच्या खाली आलो, रस्ता दिसू लागला, आणि मला हुरूप आला. मी आवाजाची वाट न पाहता एक पायरी पुढे उतरलो. खुर्ची पुढे झुकली. आपांनी "या अल्ला" म्हटलं.

"गुर्जर!" निशाताई कडाडल्या. "आगाऊपणा नको!"

हमीदभाईंनी भिंतीकडे पाहिलं. साळवेसाहेबांनी छताकडे पाहिलं. रोहनचे खांदे हलत होते, त्यामुळे खुर्चीही हलत होती. निशाताई स्वतःही क्षणभर थबकल्या. मग त्या म्हणाल्या, "बरोबर अर्थाने म्हणतेय. चला. उजवा!"

आपा सत्काराला गेल्या. सोबत म्हणून निशाताईही रिक्षात बसल्या. मी गेलो नाही, कारण शेवटच्या पायरीवर खुर्ची टेकवायला वाकलो तो मला परत उभं राहता आलं नाही. रोहन, साळवेसाहेब आणि रस्त्याने जाणारे दोन अनोळखी गृहस्थ यांनी मला त्याच खुर्चीत घालून वर नेलं. या वेळी पायऱ्या कुणी मोजून दिल्या नाहीत.

परत आल्यावर सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आपांना खाली आणायचा विचार झाला होता, वर न्यायचा कुणीच केला नव्हता. चौघांपैकी एक मी कामातून गेलेला. निशाताईंनी आपली पुढची खोली उघडली आणि म्हणाल्या, "राहा इथेच. लिफ्ट होईपर्यंत." आपा राहिल्या.

दोन दिवसांनी मी कमरेला पट्टा बांधून, कठड्याला धरून खाली गेलो. आपा खिडकीपाशी लसूण सोलत होत्या. निशाताई समोर.

"बसा म्हणावं, तर बसता येईल का तुम्हाला?" निशाताईंनी विचारलं.

"उभा राहतो." मी म्हणालो. मग जे आठवडाभर तत्त्वाखाली दाबलं होतं, ते म्हणालो. "ताई, माझं चुकलं."

"शब्द बरोबर होता तुमचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मीही कोशात पाहिलं त्याच दिवशी. मी काय अडाणी आहे?"

"मग राग कसला होता?"

त्यांनी लसणाची एक पाकळी उचलली, सोललीच नाही, नुसती फिरवत राहिल्या. "रांगेत एक पाऊल पुढे टाकलं की मुलीला आगाऊ म्हणायचो आम्ही. सगळ्यांसमोर. बाकीच्या मुली हसायच्या. मला वाटायचं, हसण्यावारी नेण्यासारखं आहे, त्यात काय! परवा सगळी इमारत हसली, तेव्हा कळलं कुठे लागतं ते." मग आवाज नेहमीचा झाला. "आणि तुम्ही अर्थ सांगत बसलात सगळ्या गावाला. माझ्या दाराची बेल एकदाही वाजली नाही. हसणाऱ्यांपैकीही कुणी वाजवली नाही."

आपा म्हणाल्या, "मीसुद्धा वाजवली नाही. माझ्या हातात फोन नव्हता, नाहीतर मीही हसले असते." आणि निशाताई इतक्या मोठ्याने हसल्या, की मी दचकलो आणि कमरेत चमक आली.

पुढच्या आठवड्यात तपासनीस आले. माझ्याकडे पाहताच ते फारच अदबीने वागले, त्यांना बहुधा कार्यालयातून माझ्याबद्दल काही सांगितलं होतं. "अध्यक्ष कोण?" त्यांनी विचारलं. "मी," निशाताई म्हणाल्या, आणि सही करून टाकली. लिफ्ट चालू झाली. आपांना वर पोचवायला त्या स्वतः लिफ्टने गेल्या. इतक्या वर्षांत त्या चौथ्या मजल्यावर कधी गेल्याच नव्हत्या, असं तेव्हा निघालं. खाली राहणाऱ्याला वर काय काम? आपांच्या गॅलरीतून टेकडी दिसते, वारा येतो, आणि हमीदभाईंच्या घरी चहा निव्वळ दुधाचा असतो.

संध्याकाळी मी हिंजवडीहून आलो. कमरेला पट्टा, हातात डबा. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती आणि तिथून हलत नव्हती. वरून आवाज येत होते. निशाताई निघाल्या होत्या, पण लिफ्टचं दार धरून, एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून, आपांशी बोलत उभ्या होत्या. मेहजबीनही हसत होती मधूनमधून. दार लावा, असं खालून ओरडून सांगणं हा माझा सेक्रेटरी म्हणून अधिकार होता. नियम तसा आहे, ग्रुपवर मीच लिहिला आहे, शुद्ध मराठीत.

मी थोडा वेळ थांबलो. मग कठडा धरला आणि जिना चढायला लागलो.